आर्थिक पत आणि आपला समाज : क्रेडिट स्कोअर समजून घेताना



स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण, आरोग्य व समाजकार्य या विषयांवर लेख असतात. पैशाच्या विषयावर मात्र आपण फारसे लिहीत नाही. कर्जाविषयी तर घरातही उघडपणे बोलले जात नाही. परंतु अलीकडे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील अनेक सभासद व विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. "बँकेने सिबिल खराब आहे असे सांगून अर्ज परत केला. हे सिबिल म्हणजे काय, आणि ते खराब केले कोणी?" या प्रश्नाचे साध्या भाषेत उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमच्या परिचयातील एका सभासदाचे उदाहरण प्रथम सांगतो. हे गृहस्थ कारखान्यात कायम नोकरीला. आयुष्यात एकदाही स्वतःचा हप्ता चुकविलेला नाही. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. चौकशी करता कळले, की सहा वर्षांपूर्वी एका मित्राच्या वाहनकर्जाला ते जामीनदार राहिले होते. मित्राने हप्ते थकविले आणि ती थकबाकी यांच्याही नावापुढे लागली. सही करताना त्यांनी कागद वाचला नव्हता आणि पुढे सहा वर्षे आपल्या नावावर काय लिहिले आहे हे एकदाही पाहिले नव्हते. मुलीचा प्रवेश नातेवाइकांनी पैसे उभे केले म्हणून टिकला. सर्वांच्याच नशिबी असे नातेवाईक असतात असे नाही.

आपल्याच मातीतला इतिहास

कर्जाचा कागद आणि त्यावर काय लिहिले आहे हे माहीत नसणे, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळवून गावातील देशमुखाचे घर पाडण्यास सुरुवात केली. त्यावर गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. कोणी त्यांचे शेत करीना, कोणी पाणी भरीना. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी रयतेने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. आजच्या दौंड तालुक्याचा बराच मुलूख त्या काळी भीमथडीत मोडत असे. पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत हा उठाव पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदला गेला आहे.

या दंग्यांत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे आणि वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. सावकाराने ते दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. असे का झाले? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली होती. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला भाव होता तेव्हा कर्ज सहज मिळाले. भाव उतरल्यावर कर्ज मिळणे बंद झाले आणि त्यातच सरकारी सारा वाढला. अंगठा उठविणाऱ्यास कागदावरचा आकडा वाचता येत नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात हीच वेदना आहे.

चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. तसेच फेडीची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत असला तरी तो पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे तत्त्व अशा रीतीने आपल्याच तालुक्यांतील रयतेच्या चळवळीतून कायद्यात आले.

आजची वही संगणकात आहे. ती जाळता येत नाही, परंतु ती पाहता येते, आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. दुर्दैवाने आपल्यापैकी फार थोडे लोक ती पाहतात.

भगवान बुद्धांनी काय सांगितले?

धम्म केवळ भिक्खूंसाठी आहे, संसारी माणसाच्या पैशाअडक्याशी त्याचा संबंध नाही, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी इहलोकीच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता म्हणजे आय पाहून व्यय करणे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत 'अनणसुख' म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख हे एक आहे. त्याच निकायातील इणसुत्तात दरिद्री माणसाच्या ऋणाची चढती पायरी वर्णिली आहे. आधी कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम आजच्या वसुली एजंटाच्या फोनशी तंतोतंत जुळतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे पंडित होते. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. ज्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा उल्लेख पुढे येणार आहे, ती १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. त्या महामानवाच्या अनुयायांनी स्वतःच्या कर्जाचा कागद न वाचता सही करावी, हे आपल्याला शोभत नाही.

क्रेडिट स्कोअर म्हणजे काय?

आपण कोणत्याही बँकेकडून अथवा फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतो, तेव्हा त्याची माहिती 'पत माहिती कंपनी'कडे जाते. अशा चार कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचे कामकाज २००५ च्या पत माहिती कंपन्या (नियमन) कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. सिबिलची स्थापना सर्वांत आधी, २००० साली झाली. त्यामुळे जसे वनस्पती तुपाला सगळे 'डालडा' म्हणत, तसे लोक कोणत्याही स्कोअरला 'सिबिल' म्हणतात.

या माहितीवरून गणित करून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा काढला जातो. तोच स्कोअर. साधारणपणे ७५० च्या वरचा आकडा चांगला समजतात. परंतु अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपले धोरण ठरविते, आणि उत्पन्न, नोकरी व तारण हेही पाहते. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याला स्कोअरच नसतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

स्कोअर मुख्यतः पुढील गोष्टींवर ठरतो :

१) हप्ते वेळेवर भरले की नाही. सर्वांत जास्त वजन याला आहे. अहवालात प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस उशीर झाला हे लिहिलेले असते. ९० दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. पीककर्जाला हा हिशेब वेगळा आहे. अल्प मुदतीच्या पिकांना दोन हंगाम आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकांना एक हंगाम.

२) क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली. पन्नास हजारांची मर्यादा असता दरमहा पंचेचाळीस हजार वापरणारा माणूस अडचणीत आहे असे गणित समजते. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहणे बरे.

३) किती वर्षांपासून कर्जव्यवहार आहे आणि कोणत्या प्रकारचे कर्ज आहे, तारणाचे की बिनतारणाचे.

४) थोड्या दिवसांत किती ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक अहवाल मागविते व त्याची नोंद होते. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज करणाऱ्याचा आकडा घसरतो. आपला अहवाल आपणच पाहिला तर मात्र आकडा घसरत नाही. ही भीती मनातून काढून टाकावी.

पगार किती, जात कोणती, गाव कोणते, यांचा या आकड्याशी संबंध नाही. गणिताला आडनाव कळत नाही. आपल्या वाडवडिलांना पत नाकारली जाई ती त्यांच्या वर्तनामुळे नव्हे, जन्मामुळे. आजच्या पद्धतीत दोष असतील, परंतु निदान ही नोंद आपल्या वागण्याची आहे आणि ती सुधारण्याचा मार्ग आपल्यापुढे खुला आहे.

आपल्याकडे पत कशी बिघडते?

पहिले कारण जामीनकी. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही पाहिजे, बाकी मी बघतो" हे वाक्य कायद्याला माहीत नाही. मित्रासाठी, मेहुण्यासाठी, सहकाऱ्यासाठी जामीन राहणे हा माणुसकीचा भाग आहे आणि आम्ही तो सोडा असे म्हणत नाही. परंतु तेवढी रक्कम आपल्याला स्वतः भरावी लागली तर झेपेल का, हा प्रश्न सहीपूर्वी स्वतःला विचारावा. सर्वच पतसंस्थांची माहिती या कंपन्यांकडे जात नाही. म्हणून पतसंस्थेचा जामीन निर्धोक आहे असे मात्र नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे वसुली दाखला निघाला, की तो जामीनदारावरही बजावला जातो.

दुसरे कारण दुसऱ्यासाठी आपल्या नावावर वस्तू घेणे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत कंत्राटी काम करणारी आपली पुष्कळ मुले आहेत. एकाची पगारपावती चालते म्हणून त्याच्या नावावर मित्र मोबाईल किंवा मोटारसायकल घेतो. कंत्राट संपते, मित्र गाव सोडतो, आणि हप्ता राहतो कागदावरच्या नावाकडे. महिलांच्या गटकर्जातही असेच घडते. एकीने कर्ज काढून दुसरीला द्यायचे. गटाची बैठक गोड असते, परंतु नोंद प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र होते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर सूक्ष्म वित्त कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. हीच मर्यादा प्रत्येक घराने आपणहून पाळावी.

तिसरे कारण क्रेडिट कार्डाची 'किमान रक्कम'. एक हिशेब करून पाहू. समजा कार्डावर ४०,००० रुपये बाकी आहे, व्याज महिना साडेतीन टक्के आणि किमान रक्कम पाच टक्के. म्हणजे आपण २,००० रुपये भरले. त्यातील १,४०० रुपये व्याजात गेले, त्यावरील कर वेगळा. मुद्दल सहाशे रुपयेही उतरले नाही. किमान रक्कम भरल्याने खाते थकीत होत नाही हे खरे, परंतु कर्जही संपत नाही. करड्याच्या रयतेला हा हिशेब लगेच कळला असता.

चौथे कारण 'सेटलमेंट'. थकलेल्या कर्जात बँक काही रक्कम सोडून तडजोड करते, तेव्हा अहवालात खाते 'बंद' असे न लिहिता 'सेटल्ड' असे लिहिले जाते. पुढील बँक त्याचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही' असाच घेते. अगदीच इलाज नसेल तर तडजोड करावी, पण परिणाम समजून करावी. कर्जमाफी मिळालेल्या शेतकरी बांधवांनीही बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि अहवालात खाते कसे दाखविले आहे ते पाहावे.

पाचवे कारण निव्वळ चुका. एकाच गावात एकाच नावाचे तीन गायकवाड किंवा चार कांबळे असतात. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते. मग एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसते. फेडलेले कर्ज चालू दिसते. आधार व पॅनच्या झेरॉक्स कुठेही दिल्याने भलत्यानेच कर्ज उचलल्याचेही प्रकार घडतात.

सुधारणा कशी करावी?

पहिली गोष्ट, अहवाल मागवा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. हा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवावा. "सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये. खरी नोंद कोणालाही पैसे देऊन पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट, अहवाल ओळ न् ओळ वाचा. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, प्रत्येक खाते, प्रत्येक थकबाकी. इंग्रजी अडत असेल तर शिकलेल्या मुलामुलीला शेजारी बसवा.

तिसरी गोष्ट, चूक दिसल्यास पत माहिती कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करा. पोच व तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानेही न भागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

चौथी गोष्ट, थकबाकी असेल तर आधी ती भरा. एकदम जमत नसेल तर तोंड लपविण्याऐवजी बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्या. जुनी खोट लगेच पुसली जात नाही, पण त्यावर नियमित हप्त्यांचे महिने जमा होत गेले की आकडा हळूहळू वर येतो. हे काम महिन्यांचे आहे, दिवसांचे नव्हे. नव्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याने माहिती कळवावी लागते. त्यामुळे चांगले वागणेही पूर्वीपेक्षा लवकर नोंदले जाते.

पाचवी गोष्ट, पगार झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हप्ता कापला जाईल अशी तारीख घ्या. हप्ता परत गेला तर दंडही लागतो आणि नोंदही होते.

सहावी गोष्ट, कर्ज घेण्यापूर्वी 'मुख्य तथ्य विवरण' मागा. व्याज, शुल्क व वार्षिक खर्चाचा एकूण दर त्यात एका ठिकाणी लिहावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जांना हे बंधनकारक आहे. आणि कर्ज फिटल्यावर तारणाचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. विलंबाचे कारण बँकेकडे असल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. परंतु कर्ज तुमच्याबरोबर आईवडिलांच्याही नावावर असते. पहिला पगार हाती येताच पहिला विचार त्या हप्त्याचा करावा. बँकांच्या नोकरभरतीच्या काही जाहिरातींत उमेदवाराची कर्जफेड नीट असावी अशी अट आता येऊ लागली आहे. दोन हजार रुपयांच्या मोबाईल हप्त्यासाठी नोकरीची संधी गमावणे कोणालाही परवडणारे नाही. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादी लागण्यापूर्वी, कर्ज देणारी बँक अथवा नोंदणीकृत कंपनी नेमकी कोणती हे तपासावे.

समाजाने काय करावे?

आमची एक नम्र सूचना आहे. वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो. त्यातील एका रविवारी दोन तास या कामासाठी द्यावेत. महाविद्यालयीन मुलामुलींनी बसावे, सभासदांनी आपले अहवाल आणावेत, आणि एकेक ओळ समजावून दिली जावी. इतरांचे आकडे बाहेर बोलायचे नाहीत, एवढे पथ्य सर्वांनी पाळावे. बँकेतून निवृत्त झालेले आपले बांधव दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांनी पुढाकार घेतल्यास तक्रारअर्ज तिथेच लिहून होतील. लग्न, जावळ, घरभरणी यांसाठी कर्ज काढू नये, हा ठरावही त्या बैठकीत करावा असे आम्हांस वाटते.

ज्या सभासदाची हकीकत आरंभी सांगितली, त्यांनी पुढे मित्राला गाठले, दोघांनी मिळून थकबाकी भरली, बेबाकी दाखला घेतला आणि अहवाल दुरुस्त करून घेतला. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा ते आम्हांस म्हणाले, "सही करताना पाच मिनिटे वाचले असते तर दोन वर्षांची झोप वाचली असती." एवढी एक गोष्ट वाचकांनी घरी नेली तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!